इलेक्ट्रिक गाडी, सातशे किलोमीटर आणि एडास : मुंबई–नागपूर निघण्याआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग जोडला गेला. तेव्हापासून इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या गप्पांत रेंजच्या, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाईल याच्या खालोखाल एडासचा, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा विषय निघतो. गाडी स्वतः अंतर राखते, लेन धरते, वेळ आली तर ब्रेकही मारते, मग नागपूरला जायला कष्ट ते काय? खालचे प्रश्न त्या गप्पांतलेच. उत्तरं लांब पल्ल्यापुरती आहेत. शहरातल्या गर्दीत एडासचं गणित निराळं असतं.

एडास लावलं की गाडी आपली आपण चालते का?

नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाड्यांत जे मिळतं ते लेव्हल २. शून्य ते पाच अशा या पायऱ्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ठरवल्या आहेत. लेव्हल २ मध्ये गाडी वेग आणि स्टीअरिंग दोन्ही एकदम सांभाळते, पण रस्त्यावर नजर ठेवण्याचं काम चालकाकडेच राहतं. 'लेव्हल २ प्लस' ही जाहिरातीतली भाषा आहे, एसएईच्या मोजणीत तशी पायरीच नाही.

लांबच्या प्रवासात त्यातलं खरं उपयोगी काय?

ब्रोशरमध्ये वीस-बावीस नावं असतात. हायवेवर कामाला येतात त्या तीन-चार गोष्टी. अडॅप्टिव्ह क्रूझ पुढच्या गाडीशी अंतर राखून वेग कमी-जास्त करतं. लेन सेंटरिंग गाडीला दोन पट्ट्यांच्या मधोमध धरतं. ऑटो ब्रेक धडक होणार असं दिसलं की शेवटच्या क्षणी ब्रेक लावतो. आणि ब्लाइंड स्पॉटची, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात गाडी असल्याचं सांगणारी, आरशातली ती छोटी लाइट, जिचं कौतुक कोणी करत नाही पण जी सर्वात कमी चुका करते.

लेन सेंटरिंग आणि लेन कीप यांत गल्लत करू नका. लेन कीप गाडी पट्ट्यावर चढायला लागली की आत ढकलतं, तोवर गप्प असतं. काही गाड्यांत फक्त तेवढंच मिळतं. घेण्याआधी शोरूममधल्या मुलाला नेमकं हेच विचारा. 'लेन असिस्ट आहे सर' या उत्तरावर समाधान मानू नका.

कोणत्या इलेक्ट्रिक गाड्यांत हे सगळं मिळतं?

टाटा कर्व्ह ईव्ही आणि हॅरियर ईव्ही, महिंद्रा बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक आणि आयोनिक ५, किया ईव्ही६, बीवायडी अ‍ॅटो ३, एमजी झेडएस ईव्ही. यादी वाढतेच आहे. मात्र बहुतेकांत ते वरच्या व्हेरिएंटलाच असतं, त्यामुळे गाडीच्या नावावर जाऊ नका, व्हेरिएंट बघा.

समृद्धीवर एडास कसं चालतं?

महाराष्ट्रात यापेक्षा सोयीचा रस्ता एडासला मिळणार नाही. दुचाकी आणि रिक्षांना बंदी, सिग्नल नाही, चौक नाही, दोन्ही दिशांना तीन-तीन लेन आणि वळणं इतकी लांबलचक की स्टीअरिंग फिरतंय हे हाताला जेमतेम कळतं. वेग १०० वर लावला की गाडी तासचे तास तशीच राहते. घोट्याला आराम मिळतो, मान आणि खांदे सैल राहतात. संध्याकाळी नागपुरात उतरल्यावर हा फरक अंगाला स्पष्ट कळतो.

खटके आहेत, पण ठरलेल्या जागी. रस्त्याचा मोठा भाग काँक्रीटचा आहे. फिकट काँक्रीटवर पांढरा पट्टा आणि वर दुपारचं ऊन, असं जमलं की कॅमेऱ्याला पट्टा नीट उठून दिसत नाही. मग मीटरवरचं स्टीअरिंगचं हिरवं चिन्ह राखाडी होतं. हा बदल बऱ्याच गाड्यांत इतका गुपचूप होतो की गाडी लेनमधून अलगद सरकायला लागल्यावरच लक्षात येतं. त्या चिन्हाकडे अधूनमधून नजर टाकायची सवय लावा. सकाळी मुंबईहून निघालात तर सूर्य समोर, संध्याकाळी नागपूरहून परतताना पुन्हा समोर. सूर्य खाली असताना कॅमेरा दिपतो आणि लेन सुटते.

इंटरचेंजला बाहेर पडताना आणखी एक गंमत होते. तुम्ही एका ट्रकमागे सत्तरने चालला आहात, क्रूझ १०० वर लावलेलं आहे. तुम्ही रॅम्पवर वळता, ट्रक सरळ जातो. गाडीच्या हिशेबाने समोरचा रस्ता मोकळा झाला, म्हणून ती ऐन वळणावर १०० कडे झेपावते. डिझेल गाडी गिअर बदलत, विचार करत वेग घेते. इलेक्ट्रिकची ताकद तत्काळ येते. त्यामुळे बाहेर पडायच्या फलकापाशीच क्रूझ काढून टाका.

क्रूझ काढलं की गाडी एकदम खेचल्यासारखी मंदावते. बिघाड आहे का?

बिघाड नाही, रीजन आहे, म्हणजे मोटरच गाडीला रोधते आणि त्यातून बॅटरीत वीज परत भरते. क्रूझ चालू असताना तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर नसतो. क्रूझ सुटलं की गाडीला वाटतं तुम्ही पाय उचलला, आणि रीजन जोरात ठेवलं असेल तर ती चांगलीच रोधते. मागे चिकटून येणाऱ्याला हे अनपेक्षित असतं. आधी पाय ॲक्सिलरेटरवर हलका टेकवायचा, मग बटण दाबायचं, मग पाय हळूहळू सैल करायचा. हायवेवर रीजन कमी पातळीवर ठेवलं तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

याच्या उलटही ध्यानात असू द्या. क्रूझ चालू असताना तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून धरला, तर तेवढ्या वेळापुरतं क्रूझ पुढच्या गाडीसाठी ब्रेक लावत नाही. 'गाडी थांबवेलच' असं समजून पाय दाबून ठेवणारे बरेच भेटतात.

एवढं सोपं झालं की झोप नाही येत?

येते. आणि हाच या सगळ्या प्रश्नांतला मोठा प्रश्न आहे.

समृद्धीवर झोपेचा त्रास एडास नसलेल्यांनाही होतो. हायवे हिप्नॉसिस हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला तो या रस्त्यामुळेच. तोच रंग, तोच आवाज, कडेला टपरी नाही, गाव नाही, गाई हाकणारं पोरगं नाही. डोळे उघडे, पण मागच्या दहा किलोमीटरांत काय गेलं ते सांगता येत नाही. यात एडासने पायाचं आणि हाताचं कामही काढून घेतलं की मेंदूला जागं ठेवणारं काही उरत नाही. एडास जिथे सर्वात छान चालतं, तिथेच चालक सर्वात आधी पेंगतो. शिवाय त्या पेंगण्याची खूणही पुसली जाते. एरवी गाडी डुलली की शेजारचा ओरडतो. इथे चालक डुलला तरी गाडी सरळ चाललेली असते.

इथे इलेक्ट्रिक गाडीचा एक फायदा आहे, जो लोक तोटा म्हणून मोजतात. तिला थांबावं लागतं. दोन-अडीच तासांनी चार्जर शोधायचा, म्हणजे दोन-अडीच तासांनी उतरायचं, चहा घ्यायचा, पाय मोकळे करायचे. म्हणून बॅटरी ताणून एकच मोठा थांबा घेण्यापेक्षा दोन छोटे घ्या. शिर्डी, संभाजीनगर, जालना, मेहकर, कारंजा यांपैकी चार्जर जिथे चालू दिसेल तिथे. निघण्याआधी अ‍ॅपमध्ये त्या दिवसाची स्थिती बघा, नुसता नकाशावरचा ठिपका पुरत नाही. हाताशी वेळ असेल आणि सिंदखेडराजाला उतरलात, तर लखुजी जाधवांचा वाडा बघून या. झोप उडवायला त्यासारखा उपाय नाही.

दुपारी जेवण झाल्यानंतरचा पहिला तास मी लेन सेंटरिंग बंद ठेवतो, क्रूझ चालू. स्टीअरिंग हातात असलं की डोळे कामात राहतात. ज्याला क्रूझमुळेच गुंगी येते त्याने तेही काढावं.

स्टीअरिंगवर हात ठेवूनही 'हात ठेवा' असं का सांगत राहते?

कारण बऱ्याच गाड्यांना तुमचा हात कळत नाही, फक्त हाताचा जोर कळतो. चाकाला किंचित पीळ दिला तरच तिला पटतं. सरळ रस्त्यावर तुम्ही हात नुसते टेकवून बसलात तर ती समजते कोणीच नाही. एक हात घड्याळातल्या चारच्या जागी लटकता ठेवा. त्याच्या वजनाने पुरेसा पीळ बसतो. स्पर्श ओळखणारं स्टीअरिंग असेल तर हा प्रश्नच येत नाही.

पाण्याची बाटली अडकवणं, वजन बांधणं हे उद्योग करू नका. चालकाच्या सीटवरून उठून रील काढणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं.

वेग १०० ठेवू की १२०?

समृद्धीवर कारला सपाटीवर १२० आणि घाटात १०० ची मुभा आहे. क्रूझ आहे म्हणून बहुतेकजण १२० लावून मोकळे होतात. आता हिशेब बघा.

१०० वर ७०१ किलोमीटरला सात तास लागतात. १२० वर पाच तास पन्नास मिनिटं. म्हणजे चालवण्याचे सत्तर मिनिटं वाचले. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग २० टक्क्यांनी वाढला की विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो. समजा मोठ्या एसयूव्हीला १०० वर शंभर किलोमीटरला १७ युनिट लागतात आणि १२० वर २२. पूर्ण प्रवासाला एका हिशेबाने ११९ युनिट, दुसऱ्याने १५४. जास्तीचे ३५ युनिट कुठेतरी भरायचे आहेत. ६० किलोवॉटच्या चार्जरवर प्रत्यक्षात पन्नासच्या आसपास मिळाले, तर त्याला चाळीस मिनिटं. राहिली अर्ध्या तासाची बचत, तीही चार्जरवर तुमच्या पुढे कोणी नसेल तर. त्या अर्ध्या तासासाठी टायर तापवायचे, ब्रेक लावल्यावर जास्त अंतर जायचं आणि चार्ज किती उरला याची धाकधूक बाळगायची.

माझं मत सरळ आहे : १०० ते १०५, मधली लेन.

अडॅप्टिव्ह क्रूझने रेंज वाढते का?

थोडीफार, आणि तीही तुम्ही एरवी कसे चालवता त्यावर. दाबायचं-सोडायचं अशी सवय असलेल्याची नक्की वाढेल. पुढचं पाहून आधीच पाय सैल करणारा चालक मात्र क्रूझपेक्षा काटकसरी असतो. क्रूझला फक्त पुढची गाडी दिसते, तुम्हाला तिच्या पुढचा चढ आणि त्यावर कण्हणारा कंटेनरही दिसतो.

रडार आणि कॅमेरे स्वतः किती वीज खातात, हाही प्रश्न येतो. मोटरच्या मानाने ती नगण्य. उन्हाळ्यात एसी त्यापेक्षा कितीतरी जास्त ओढतो.

घाटात काय करायचं?

समृद्धीचा घाट घाटासारखा वाटतच नाही. इगतपुरीजवळचा सुमारे पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा कसाऱ्याचा जुना घाट वाचवतो आणि त्यात एडास छान चालतं. मात्र चढ कुठे जात नाही. आमण्याजवळून इगतपुरीला पोचेपर्यंत गाडी जवळपास सहाशे मीटर वर चढते. माणसं-सामान धरून सव्वादोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला साडेतीन युनिटांच्या वर खर्च होतो, तोही नेहमीच्या खर्चाशिवाय. घरून निघाल्यावर पहिल्या तासातच टक्के भराभर उतरताना दिसले तर घाबरू नका. पुढे पठार लागलं की आकडा स्थिरावतो.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा बोरघाट वेगळा. वळणं आवळ, ट्रक तिन्ही लेनमध्ये, आणि लेन सेंटरिंगकडे तेवढं वळवण्याची ताकदच नसते. अर्ध्या वळणात ते हात झटकतं. कारला सपाटीवर १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे, वर कॅमेरे. घाट सुरू होण्याआधी लेन सेंटरिंग बंद करा आणि क्रूझचा वेग स्वतः कमी करा, कारण गाडी फलक वाचून आपोआप मंद होईलच याची खात्री नाही.

लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून खाली उतरू नका. भरलेल्या बॅटरीत रीजनची वीज टाकायला जागा नसते, मग पूर्ण उतार साध्या ब्रेकवर काढावा लागतो. ८०-८५ टक्क्यांवर निघालात तर घाट फुकट चार्जिंग देतो. सगळं परत मिळत नाही, पण बरंच मिळतं.

रस्ता मोकळा असताना गाडी मधेच ब्रेक का मारते?

याला लोक 'भुताचा ब्रेक' म्हणतात. हमखास जागा अशा : वळणावर शेजारच्या लेनमधला ट्रक, जो क्षणभर तुमच्या नाकासमोर आल्यासारखा दिसतो; वळणाचं लोखंडी कठडं; रस्त्यावरची मोठी कमान; पुलाची काळी सावली. रडारला लोखंड दिसतं, ते कुठल्या लेनमध्ये आहे हे ठरवण्यात गफलत होते.

तुमच्या मागे कंटेनर चिकटून येत असेल तर हा प्रकार गंभीर आहे. वळणावर ट्रकच्या शेजारी रेंगाळू नका, झटकन पुढे जा किंवा मागे राहा. गाडीने विनाकारण ब्रेक लावला तर ॲक्सिलरेटर दाबा, क्रूझचा ब्रेक सुटतो.

मग ऑटो ब्रेक बंदच करून टाकू का?

नको. त्याची संवेदनशीलता 'उशिरा' या पर्यायावर ठेवा. बंद करायचंच असेल तर शहरात लेन कीप बंद करा. ते तिथे खड्डा चुकवतानाही स्टीअरिंगशी भांडतं. ऑटो ब्रेक वर्षभर उगाच त्रास देईल आणि एकदाच कामी येईल, पण ते एकदा पुरेसं आहे. काही गाड्यांत दर वेळी गाडी सुरू केल्यावर सगळं पुन्हा मूळ स्थितीत येतं, हेही बघून घ्या.

रस्त्यात उभा असलेला ट्रक गाडीला दिसेल का?

यावर अजिबात विसंबू नका. चालत्या गाडीमागे राहणं एडासला सोपं जातं. रडार हलत्या वस्तूचा वेग नेमका पकडतं. पण स्थिर वस्तू म्हणजे कमान, खांब, कठडं, पूल. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून यंत्रणा स्थिर गोष्टींकडे बरंच दुर्लक्ष करते आणि कॅमेऱ्याच्या साक्षीची वाट बघते. १०० च्या वेगात ती साक्ष कधीकधी फार उशिरा येते. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, ऑटो ब्रेकची वेगमर्यादाही दिलेली असते. ते पान जरूर वाचा.

सर्वात वाईट प्रसंग असा : तुम्ही एका गाडीमागे आरामात चालला आहात. ती गाडी शेवटच्या क्षणी लेन बदलते. तिच्या पुढे टायर फुटलेला ट्रक उभा असतो. तुमच्या गाडीला तो आत्ता पहिल्यांदा दिसला.

आपल्याकडे अशा ट्रकमागे ड्रायव्हर काय करतो? चार मोठे दगड मांडतो आणि झाडाची एक फांदी आडवी टाकतो. लांबून हिरवी पानं दिसली की ज्याने महाराष्ट्रात गाडी चालवली आहे तो माणूस लगेच ओळखतो, पुढे काहीतरी बंद पडलंय. गाडीच्या कॅमेऱ्याला त्या फांदीचा अर्थ कळत नाही. ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात, आणि एवढ्याशा दगडासाठी बहुतेक यंत्रणा ब्रेक लावत नाहीत.

पुढच्या गाडीशी अंतर किती ठेवू? जास्त ठेवलं की लोक मधे घुसतात.

घुसू द्या. १०० च्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. क्रूझमध्ये अंतर ठरवायच्या पट्ट्या असतात, त्यातली सर्वात छोटी साधारण एका सेकंदाची असते, म्हणजे जेमतेम २८ मीटर. चालकाला सावध होऊन ब्रेकवर पाय न्यायला दीड सेकंद लागला तर ४२ मीटर तिथेच गेले आणि गाडी पूर्ण थांबायला आणखी पंचावन्न-एक मीटर. आपण डुलक्या मोडमध्ये असताना दीड सेकंदही कमीच.

समृद्धीवर मोठी पट्टी ठेवायला काहीच अडचण नाही. द्रुतगती मार्गावर शुक्रवारी संध्याकाळी ती ठेवली तर दर मिनिटाला कोणीतरी शिरतो, गाडी ब्रेक मारते, मागचा हॉर्न मारतो. तिथे क्रूझ काढून स्वतः चालवणं बरं. छोटी पट्टी लावून रेटणं हा मात्र उपाय नव्हे.

पुणे–कोल्हापूर किंवा मुंबई–गोवा मार्गावर काय?

समृद्धीचा अनुभव तिथे नेऊ नका. पुण्याहून साताऱ्याकडे आणि पुढे कागलपर्यंत रुंदीकरणाच्या कामात सेवारस्ते आणि वळसे लागत आले आहेत. जुना पट्टा पुसलेला नाही, नवा त्याच्यावरून तिरका मारलेला आहे, आणि गाडी नेमका जुना धरते. अशा ठिकाणी ती तुम्हाला थेट बॅरिकेडवर नेऊ शकते. 'काम चालू आहे' असा पहिला पिवळा फलक दिसला की लेन सेंटरिंग बंद.

कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, फार तर रिफ्लेक्टरची एक चिंधी. ऊस ट्रॉलीच्या मागे हातभर, कधी त्याहून जास्त लोंबत असतो. रडारला लोखंडी सांगाडा आणि चाकं कळतात, लोंबणारा ऊस नाही. त्यामुळे गाडीने मोजलेलं अंतर आणि खरं अंतर यांत त्या वाढ्यांचा फरक पडतो. शिवाय ट्रॉलीचा मागचा भाग कॅमेऱ्याला ओळखीच्या कुठल्याच वाहनासारखा दिसत नाही. विटांच्या गाड्या आणि सळ्या बाहेर काढलेले टेम्पो याच जातीचे. हंगामात त्या भागात रात्री मी क्रूझ लावतच नाही, आणि कोणी लावू नये असं माझं म्हणणं आहे.

गोव्याच्या रस्त्यावर कशेडीचा बोगदा आणि काही चांगले चौपदरी पट्टे आहेत. तेवढ्यापुरतं क्रूझ लावा. बाजारपेठा आणि वळशांत एडासला विसरा. समोरून उलट येणारा दुचाकीवाला कधी येईल याचा नेम नाही, आणि उलट दिशेने येणाऱ्यासाठी क्रूझ ब्रेक लावत नाही.

पावसात आणि धुक्यात?

पाऊस साधा असेल तर रडार चालतं. कोकणातला किंवा घाटातला कोसळणारा पाऊस असेल तर आधी कॅमेरा हात टेकतो, मग चिखलाने माखलेलं रडार. 'सेन्सर झाकला गेला' असा संदेश येतो आणि सगळं बंद. हे बरंच म्हणायचं. त्रास आहे तो मधल्या अवस्थेत, जेव्हा यंत्रणा चालू दिसते पण ओल्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या प्रतिबिंबांनी पट्टे गोंधळलेले असतात. वायपर दुसऱ्या वेगावर न्यावा लागला की लेन सेंटरिंग काढायचं, एवढा साधा नियम ठेवा. टायर पाण्यावर तरंगायला लागला तर क्रूझ वेग टिकवायला मोटरला आणखी जोर देऊ शकतं, म्हणून जोरदार पावसात क्रूझही नको. ट्रकने उडवलेल्या चिखलाचा पुढच्या बंपरवर थर बसतो, तो चार्जिंगला थांबल्यावर ओल्या फडक्याने पुसा.

विदर्भातल्या उन्हाळ्यात एडास बंद पडलं. का?

कॅमेरा काचेला चिकटून, आरशामागे असतो. भर उन्हात उभी करून ठेवलेल्या गाडीत तो इतका तापतो की काही गाड्या तो निवेपर्यंत वापरत नाहीत. एसी लावून काचेवर हवा सोडा, थोड्या वेळात येतो. तापलेल्या बॅटरीत चार्जिंगही मंदावतं. टायरची हवा मात्र सकाळी, गार असताना बघा.

माझी गाडी वेगमर्यादा ८० दाखवते, पण फलक तर १२० चा आहे.

पुढच्या ट्रकच्या मागे बघा. लाल गोलात ८० रंगवलेलं असेल. तो त्या ट्रकसाठी आहे, पण कॅमेऱ्याला फलक आणि फाळका यांतला भेद नेहमी कळतोच असं नाही. क्रूझने फलक वाचून वेग आपोआप बदलायची सोय असेल तर आपल्याकडे ती बंद ठेवणंच शहाणपणाचं.

जनावर आडवं आलं तर?

ऑटो ब्रेक गाड्या, माणसं आणि सायकली ओळखायला शिकवलेला असतो. नीलगाय, कुत्रं, म्हैस यांची हमी कोणी देत नाही. रात्री तर नाहीच.

पाच तारे मिळालेल्या गाडीचं एडास चांगलं असणार ना?

त्याचा याच्याशी संबंध नाही. २०२३ साली सुरू झालेल्या भारत एनकॅप या धडक-चाचणीचे तारे मुख्यतः धडकेत आतली माणसं किती वाचतात यावर ठरले आहेत. अडॅप्टिव्ह क्रूझ किंवा लेन सेंटरिंग किती चांगलं चालतं याचे गुण त्यात नाहीत. टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घ्या, सोसायटीभोवती चक्कर मारून काही कळत नाही.

अमेरिकेतला भाऊ म्हणतो त्याची टेस्ला घरापासून ऑफिसपर्यंत स्वतः जाते. आपल्याकडे का नाही?

त्याच्या गाडीतली ती सोयही कागदावर लेव्हल २ च आहे, नावातच 'सुपरवाइज्ड', म्हणजे देखरेखीखाली, असं आहे. लक्ष त्यालाच ठेवावं लागतं. चालकाचं लक्ष पुरेसं राखलं जात नाही या कारणावरून डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे २० लाख गाड्यांच्या ऑटोपायलट या चालक-मदत यंत्रणेत बदल करावा लागला. तिथल्या रस्त्यांवर पट्टे असतात आणि लोक बहुतांशी त्यांच्यामध्ये राहतात. भावाला पुढच्या खेपेस चाकण चौकात घेऊन जा.

एडास चालू असताना अपघात झाला तर जबाबदार कोण?

तुम्ही. मोटार वाहन कायदा १९८८ चालकाला ओळखतो, क्रूझला नाही. धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद आहे, आणि गाडी चालवताना हातात मोबाइल धरणंही त्याच कलमात येतं. 'गाडीच चालवत होती' हा बचाव तिथे चालत नाही.

पुढची काच बदलली. आणखी काही करावं लागतं का?

कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवून घेणं. विम्यात काच बदलून मिळते, पण कॅलिब्रेशनचं बिल त्यात धरलंय का ते आधी विचारा. पुढच्या बंपरला धक्का लागला असेल तर रडारचंही तपासून घ्या. ते किंचित जरी तिरकं बसलं तरी शेजारच्या लेनमधल्या गाडीला ब्रेक लावत राहतं.

आणि टोल?

महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धी, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. फास्टॅगच्या नोंदीत गाडी इलेक्ट्रिक म्हणून लागली आहे का ते निघण्याआधी बघा, आणि कापला गेलाच तर मेसेज जपून ठेवा. टोलनाक्याच्या रांगेत क्रूझ थांबून-थांबून चालतं, पण काही सेकंदांपेक्षा जास्त थांबलं की पुन्हा बटण दाबावं लागतं. आणि नाक्यावरचा आडवा दांडा गाडीला दिसेलच असं धरून चालू नका.